काट्यावरचे अठरा किलो

मीनलची हळद होती १३ मे १९८८ ला. त्याच संध्याकाळी तिच्या थोरल्या भावाचा, चिंतामणीचा, पाय मोडला. मांडवाला बांधायला आंब्याची डहाळी हवी होती, ती आणायला तो स्कूटरवरून गेला होता. परतला तेव्हा डहाळी होती, पण उजवी टाच जमिनीला टेकत नव्हती.

"म्हैस आडवी आली," तो म्हणाला. पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला त्याने एवढंच सांगितलं.

बहिणीचं लग्न त्याने खुर्चीत बसून पाहिलं. जुलैत प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी टाच दाबून पाहिली, मग त्याच्या पोटाकडे पाहिलं.

"हाड सांधलंय, पण हा बोजा त्याला पेलायचा नाही. वजन ब्याऐंशीच्या आत आणा, मगच कामावर जा."

अंबरनाथच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. साहेबांनी दसऱ्यापर्यंत जागा राखायचं कबूल केलं होतं. त्यानंतर ती दुसऱ्याला जाणार होती.

कात्रपच्या घरापासून जवळ आण्णांची भातगिरणी होती. पोती मोजायच्या काट्यावर तो चढला. दांडी एकशे आठवर थांबली.

"मार्चमध्ये नव्वद होतो हो!"

"लग्नाचे लाडू, साहेब," आण्णा हसले. "पोतं परवडलं. ते निदान लाडू खात नाही."

गिरणीचा हमाल धाकलू पुढे आला. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. "हात द्या साएब. सावकास. पाय जपा."

चिंतामणीने मनावर घेतलं. सकाळी खुर्चीत बसून पाण्याच्या दोन बाटल्या उचलायच्या. पायाखाली लाटणं घेऊन फिरवायचं. अंगठ्याने हवेत बाराखडी काढायची. मग काठी टेकत गिरणीपर्यंत जायचं. भात सुटला, साखर सुटली. बायको, नीलिमा, दोन भाकऱ्या मोजून वाढायची.

"लाटणं पायाखाली आणि पोळी बंद," ती म्हणायची. "बरा न्याय आहे तुमचा."

काठी घेऊन तो रोज एकाच वाटेने जायचा. नीलिमा एकदा म्हणाली, "बारवीच्या रस्त्याला जाऊ या की, झाडी आहे, मोकळी हवा आहे." तो म्हणाला, "तिकडे चढ आहे."

गणपतीपर्यंत त्याचे गाल बसले. लग्नातला झब्बा खुंटीवर टांगल्यासारखा लोंबू लागला. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. काटा मात्र अठ्ठ्याण्णव दाखवत होता.

"खरं सांगा," नीलिमा म्हणाली, "बाहेर वडापाव खाता ना?"

"तुझी शपथ, नाही."

ती स्वतः गिरणीत आली आणि काट्यावर चढली. बावन्न, नेहमीचंच. आण्णांनी वीसचं माप ठेवून पाहिलं. बरोबर वीस. डॉक्टरांकडच्या काट्यावरही चिंतामणी अठ्ठ्याण्णवच भरला.

"साहेब, आयुष्य गेलं माझं वजनं करण्यात," आण्णा म्हणाले. "नजरेला तुम्ही ऐंशीचे आहात. हे वरचे अठरा कुठून येतात?"

ते पुन्हा दांडीवरचं माप सरकवू लागले. ऐंशीवर दांडी आडवी झाली, क्षणभर तशीच राहिली. मग टक्कन वर आपटली.

"हलू नका हो."

"मी हललो नाही."

पण काट्याची फळी हलली होती. त्याला तळपायात कळलं होतं. त्याच्या मागच्या बाजूने, हलकेच, कोणी चढावं तशी. त्याने मागे पाहिलं नाही.

उतरताना धाकलूने नेहमीसारखा हात दिला. "पडलात कुठं साएब?"

"इथंच. कात्रपच्या वळणावर."

"अन् गाडी?"

"विकली. उल्हासनगरच्या एका शेठला."

"बरं केलात," धाकलू म्हणाला. "गाडी लई वाईट."

दसऱ्याला तीन दिवस उरले. चिंतामणी दोन दिवस नुसत्या ताकावर राहिला आणि सकाळीच गिरणीत आला. काठी नव्हती, चाल सरळ होती. पाय पूर्ण बरा झाला होता. तो काट्यावर चढला. आण्णांनी माप सरकवत ब्याऐंशीच्या बरंच पुढे नेलं.

चिंतामणीने नजर दांडीवरून काढली. समोर दाराच्या फळीवर खडूने वजनं लिहिलेली होती. पोत्यांची रोज पुसली जात. खाली, कमरेएवढ्या उंचीवर, एक ओळ कोणी पुसली नव्हती. चंद्री १८.

"हे कोणाचं?"

"धाकलूच्या पोरीचं," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "बापामागे यायची. कोणीही काट्यावर चढलं की ही मागून चढायची. मग उतरायचीच नाही. आधी माझं सांगा म्हणायची."

धाकलूने हात पुढे केला. "या साएब. पाय जपा."

चिंतामणीला तो हात धरता येईना.

धाकलूची मुलगी चंद्री, वय सहा, १३ मे १९८८ रोजी तिन्हीसांजेला बारवीच्या रस्त्यावर स्कूटरखाली सापडून मेली. तिच्या अंगावर आंब्याची पानं पडलेली होती, आणि स्कूटरवाला थांबला नव्हता.