बुवा बोलतायत तोवर

"काका, बोटं."

दत्तारामांनी बोटं आवरली. छातीवर गार जेली, मनगटांना आणि घोट्यांना चिमटे, पाठीखाली रेक्झिनचा पलंग. ईसीजीच्या मशीनमधून गुलाबी चौकटींचा कागद सरकू लागला. त्यांनी मान वळवून पाहिलं आणि तोंडचं पाणीच पळालं. रेघ कसली, नुसती थरथर.

"बघ बकुळा," ते पुटपुटले, "मी म्हणत होतो ना? गोळीनं वाट लावली हृदयाची."

"गप ऱ्हवा बघू," पायथ्याशी त्यांचा शर्ट छातीशी धरून उभ्या असलेल्या बकुळाबाई म्हणाल्या. "त्या मुलीला तिचं काम करू दे."

गोळी धास्तीवरची होती. दोन महिने घेतली, झोप लागू लागली, आणि मग एका दुपारी दत्तारामांनी खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद भिंगाखाली धरला. क्वचित हृदयाच्या ठोक्यांत बदल, असं त्यात होतं. तेव्हापासून ते दिवसभर स्वतःचं मनगट धरून बसत. मारुतीच्या देवळातली शनिवारची दोन कीर्तनं चुकवली. वाजवता वाजवता हृदयच बंद पडलं तर? आणि चार दिवसांपूर्वी कुणाला न विचारता गोळीच बंद केली, तशी धडधड आणखी वाढली.

मशीनवरच्या संघमित्रानं कागद फाडला.

"ही थरथर हृदयाची नाही, काका. बोटांची आहे. काय वाजवता?"

"पखवाज," उत्तर बकुळाबाईंनी दिलं. "पस्तीस वर्षं. डाव्या तोंडाला ओली कणीक थापली की मग तो बोलतो. शनिवारी आमच्याकडे पहिला गोळा पखवाजाचा, मागून माणसांच्या चपात्या."

संघमित्रा हसली. "माझे बाबा ढोलकीवर असतात. जयंती जवळ आली की जेवणाचं ताटसुद्धा सोडत नाहीत. चला, पुन्हा काढू. हात सैल."

हात सैल पडले. दहा मोजेपर्यंत उजव्या हाताची बोटं पुन्हा रेक्झिनवर चालू. दत्तारामांना त्याचा पत्ताही नव्हता. माणसं घाबरली की देवाचं नाव ओठांवर येतं. दत्तारामांच्या ते आधी बोटांवर येई.

"अहो!" बकुळाबाईंनी डोळे वटारले.

"राहू दे, मावशी." संघमित्रानं मशीन थांबवलं. "काका, कीर्तनात तुम्ही थांबता कधी?"

"बुवा बोलायला लागले की."

"तेव्हा हात कुठे असतात?"

"पखवाजावरच. नुसते टेकलेले."

"मग समजा, बुवा बोलतायत."

दत्तारामांनी डोळे मिटले. दोन्ही तळवे अलगद पलंगावर टेकले. बाहेर कुणीतरी टॅक्सीवाल्याशी भांडत होतं, ते त्यांना ऐकू येईनासं झालं. निरूपण रंगात आल्यावर होतो तसा त्यांचा चेहरा झाला, पुढच्या शब्दाची वाट बघणारा.

कागद सरकला. रेघ स्वच्छ.

चिमटे निघाले. बकुळाबाईंनी शर्ट पुढे केला, पण दत्तारामांचा हात बाहीत जाईना.

"बाय, कसं आहे गं?"

"ते डॉक्टर सांगतील. मी सांगायचं नसतं." तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. "पण मोजायला तुम्हाला कोण अडवतंय? हे उंच टोक म्हणजे एक ठोका. दोन टोकांमधली मोठी घरं मोजा."

दत्तारामांनी बोट ठेवलं. एक, दोन, तीन, चार. पुन्हा टोक. एक, दोन, तीन, चार. "समेवर येतोय," ते बायकोला म्हणाले. आणखी दोन टोकं झाली. मग बोट अडलं.

"इथं सव्वाचार आहेत." आवाज एकदम उतरला.

"श्वास सोडला असेल तुम्ही तिथं. श्वासाबरोबर एवढं मागंपुढं होतं, काका. माझंही होतं."

दत्तारामांनी त्या जागेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"बुवापण मध्येच श्वास घेतात," ते म्हणाले. "तेवढा ठेका मी लांबवतो. ऐकणाऱ्यांना कळतही नाही."

"मग?" संघमित्रा म्हणाली आणि कागद घेऊन आत गेली.

डॉक्टरबाईंनी गोळी सुरू करण्याआधीचा कागद काढला, नवा त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही सावकाश पाहिले.

"हृदय नीट आहे तुमचं. गोळीनं काही बिघडवलेलं नाही. ती एकदम तोडलीत, त्याची ही धडधड. आता लिहून देते तशीच पुन्हा सुरू करायची. आणि शंका आली की मनगट नाही धरायचं, फोन धरायचा. मला."

"आणि शनिवारी... वाजवू?"

"का नाही?"

बाहेर करी रोडच्या फुटपाथवर ऊन होतं. औषधाच्या दुकानातली पिशवी हातात घेऊन दत्ताराम नाक्यापर्यंत चालले. सिग्नलला थांबल्यावर बायकोकडे वळले.

"बकुळा, या शनिवारी कणकेचा गोळा काढून ठेवशील?"

"दर शनिवारी काढतेच आहे, वाजवा न वाजवा," बकुळाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष सिग्नलकडे होतं. "मागच्या दोन्ही शनिवारी तुम्हीच विचारलंत ना, आज एक चपाती जास्त कशी म्हणून?"