आठवी फरशी

पाहुण्यांनी कोपऱ्यातली फरशी उघडली आणि तिच्याखालून औषधाची बाटली निघाली.

“वा!” पाहुणे खूश झाले.

त्यांच्या मागे उभी असलेली ताई मात्र संगणकाच्या पडद्याकडे बघतच राहिली. हे होणं शक्यच नव्हतं. या भुयारातली फरशी न् फरशी तिने रंगवली होती, नियमही तिचेच. फरशी उघडली की तिच्यावर आकडा येतो आणि भोवतीच्या आठांपैकी किती फरशांखाली राक्षस दबा धरून बसलेत, ते सांगतो. इथे आकडा होता एक. सात फरशा उघडून झाल्या होत्या आणि एकीखालीही काही निघालं नव्हतं. मग आठवीखाली राक्षस नाही तर कोण असणार?

तिने धाकट्या भावाकडे पाहिलं. खेळाचं सगळं प्रोग्रॅमिंग त्याचं. तो छताच्या पंख्याकडे असा टक लावून बघत होता, जणू ही वस्तू पहिल्यांदाच पाहतोय. कान लालबुंद. लहानपणापासून याचं खोटं तोंडातून निघायच्या आधी कानांवर दिसायचं.

पाहुणे म्हणजे छोट्या निर्मात्यांचे खेळ निवडून बाजारात आणणाऱ्या कंपनीचे साहेब. याआधी दोन कंपन्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या होत्या. यांनीही तेच केलं, तर ही भाड्याची खोली सोडायची आणि दोघांनी मुकाट्याने नोकरी धरायची, असं भावंडांचं ठरलं होतं. खेळापायी दोघांनी बरंच काही सोडलं होतं; आणखी सोडण्यासारखं आता हा खेळच उरला होता.

पाहुणे भराभर फरशा उघडत गेले. बाटली, ढाल, पुन्हा बाटली, चावी. आकड्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटचं दार उघडलं, तुताऱ्या वाजल्या. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि बॅगेची चेन ओढली.

“छान आहे हो. चित्रं तर फारच सुंदर. कळवतो तुम्हाला.”

आधीचे दोघेही ‘कळवतो’ म्हणूनच गेले होते. ताईने भावाला दंडाला धरून दाराशी नेलं.

“काय घोळ घातलास?”

“हळू बोल ना! सकाळी जरासा बदल केला. जीव कमी झाला की राक्षसाच्या जागी औषध निघतं. आजच्यापुरतंच, ताई.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर करू दिलं असतंस? अगं, पहिल्या डावात सगळेच मरतात. हे मेले असते तर तोंड वाकडं करून उठून गेले असते.”

“मग आता काय करतायत?”

पाहुणे बॅग खांद्याला लावत होते.

ताईला राग आला होता, पण भीती वाटत नव्हती. आपलं पोर किती द्वाड आणि किती गुणी, हे आईला ठाऊक असतं, तसा हा खेळ तिला ठाऊक होता. ती सरळ पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

“साहेब, जरा बसा. तुम्ही जिंकला नाहीत. तुम्हाला जिंकवलंय.”

“म्हणजे?” पाहुण्यांचं हसू मावळलं.

“या शहाण्याने तुमच्यासाठी लबाडी घालून ठेवली होती. खरा खेळ तुम्ही अजून पाहिलाच नाहीत. काढ रे ती.”

भावाने मेल्याहून मेल्यासारखं होऊन ती काढली. भुयार नव्याने मांडलं गेलं. दर डावाला ते नवंच असतं. पाहुणे बसले, पण खुर्चीच्या कडेवर, बॅग खांद्यालाच ठेवून. उपकार केल्यासारख्या फरशा उघडू लागले आणि थोड्याच वेळात तीन राक्षसांनी त्यांचा फडशा पाडला. उरलेल्या सगळ्या फरशा आपोआप उलटल्या. खाली अक्षरं आली: पहिल्यापासून सुरू करा.

“हे काय? असं कसं मारलं?” पाहुणे उखडले. “आणि पहिल्यापासून? माझी ढाल?”

“गेली.”

“हा सरळ सरळ अन्याय आहे.”

“शेजारच्या फरशीवर तीन लिहिलं होतं,” ताई म्हणाली, “आणि तिच्याभोवती न उघडलेल्या फरशा तीनच राहिल्या होत्या.”

पाहुणे पडद्यावर वाकले. बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

“लिहिलं होतं की,” ते पुटपुटले. “मीच पाहिलं नाही.”

त्यांनी बॅग उतरवून जमिनीवर ठेवली आणि कुणी न सांगता दुसरा डाव लावला. आता एकेका फरशीपाशी ते थांबू लागले. ओठांतल्या ओठांत हिशेब चालला होता. भुयाराच्या दुसऱ्या मजल्यावर मेले, तेव्हा कपाळावर हात मारून घेतला आणि तिसरा डाव लावला. चहा समोर आला आणि गार झाला. चौथ्या डावात भावाला राहवेना.

“तिथे नको, डावीकडची—”

“तुम्ही सांगू नका हो!” पाहुणे खेकसले.

भाऊ दचकून मागे सरला. ताईने त्याला कोपराने ढोसलं. तिला हसू आवरत नव्हतं.

टेबलावरचा फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. पाहुण्यांनी पडद्यावरची नजर न काढता तो कानाला लावला.

“हो हो, कधीचाच निघालोय. रस्त्यातच आहे,” असं म्हणून त्यांनी फोन पालथा घातला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.