अनुमोदक

खालच्या सभागृहात कुणी माइकवर फुंकर मारली, की वरच्या खोलीतल्या खणांच्या काचा थरथरत. फार नाही, बोट टेकवलं तरच कळावं इतकं. भामाने बोट टेकवलं होतं. काचेखाली कापूस भरलेले लावे पक्षी एका ओळीत उताणे ठेवलेले होते.

"माणसं जमली," दारातून प्रतापराव म्हणाले. शहरातल्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. जिन्याने त्यांना धाप लागली होती. "ठराव मी मांडतो. तुम्ही उभं राहून नुसतं 'अनुमोदन' म्हणायचं. पत्रकावर नाव छापलंय तुमचं."

"मी हो कधी म्हटलं?"

"नाही तरी कुठं म्हटलंत? बैठकीला होता ना. गप्प होता." त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. मंडळाची रीतच तशी होती. जो बोलत नाही, तो राजी.

भामाला ही रीत ठाऊक होती. नामशेष झालेल्या प्राण्यांचा इतिहास लिहिण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. पुरावा पुरता हाती आल्याशिवाय एक वाक्यही लिहायचं नाही, ही तिची सवय. ठरावाच्या बाबतीतही तिने तेच केलं. पुढच्या बैठकीत बोलू, म्हणत राहिली.

परक्या नागरिकांबद्दल सरकारचं नवं धोरण ठरत होतं आणि मंडळ आपलं मत कळवणार होतं. शहरातल्या बंगाली बोलणाऱ्या कारागिरांचे जन्मदाखले तपासावेत. ज्यांच्याकडे नसतील त्यांना परदेशी समजून महिन्याभरात सरहद्दीपार करावं. ठरावाखाली भामाच्या पुस्तकातलं वाक्य छापलं होतं: 'बाहेरून आलेलं गाजरगवत माळ गिळतं आणि माळावरचे पक्षी नाहीसे होतात.'

"हे गवताबद्दल आहे, प्रतापराव."

"हौ. लोकांना समजतं बरोबर." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "कंप्यूटर क्लासवाले परत येऊन गेले. हीच खोली पाहिजे म्हणतात. मी म्हटलं, ताईंचे पक्षी आहेत तिथं. इतकी वर्षं भाडं घेतलं नाही, आता काय रस्त्यावर ठेवायचे? पण कमिटीपुढं मलाही तोंड दाखवावं लागतं. उगं परेशान नका होऊ. एक शब्द तर आहे."

विद्यापीठाने हे पक्षी केव्हाच नकोत म्हटलं होतं. भामाच्या घरात एक कपाट मावणं कठीण होतं. ती त्यांच्यामागून जिना उतरली.

सभागृहात पहिल्या रांगेत संदेशचा विषय चालला होता. संदेश प्रतापरावांचा मुलगा. अमेरिकेच्या व्हिसासाठी मद्रासला गेला होता, तो हात हलवत परत आला होता.

"फाईल उघडलीसुद्धा नाही," प्रतापराव मंचावरच्या खुर्चीत बसता बसता म्हणाले. "तोंड बघितलं अन् शिक्का मारला. ही काय पद्धत झाली?"

"वाईटच," चिटणीस इंदुताई म्हणाल्या आणि इतिवृत्ताचं पान उलटलं. "मग, दाखल्यांचा ठराव घ्यायचा ना आता?"

ठराव वाचून झाला. टाळ्या पडल्या. प्रतापरावांनी माइक जवळ ओढला.

"अनुमोदन, डॉक्टर भामा सोळुंके."

त्यांच्या शेजारी बसलेली भामा उभी राहिली. "थोडं बोलायचंय."

"बोला की."

"चित्ता संपला त्या काळातली कागदपत्रं मी वाचली आहेत. साहेबाने मारला, तर तिथं शिकार लिहिलंय. राजाने मारला, तर पराक्रम. पारध्याने पोटासाठी ससा धरला, तर चोरी. मग जनावर दिसेनासं झालं आणि चौकशी लागली. ती पारध्यांच्या पालांपासून सुरू झाली आणि तिथंच संपली. कुणाला धरायचं ते आधी ठरलं होतं. पुरावा नंतर शोधला." ती थांबली. "मुकुंदराव, तुमचा वाढदिवस कधी?"

मुकुंदराव निवृत्त मास्तर. ते गडबडले. "एक जून."

"उमाजीराव, तुमचा?"

"एक जूनच," मागच्या रांगेतून उमाजीराव म्हणाले. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

"माझाही. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेला. आई सांगायची, ज्वारी काढत होते तेव्हा तू झालीस. इथं पन्नाशीच्या पुढच्या कुणाकडे जन्माचा दाखला आहे, त्यांनी हात वर करावा."

हसू विरलं. हात वर झाले नाहीत.

"हे कारागीर बहुतेक हुगळी-मेदिनीपूरचे. याच देशातले. तेही आपल्यासारख्याच गावांतून आले आहेत. मग दाखला फक्त त्यांनाच का मागायचा? ते बोलतात ती भाषा ऐकून?"

"आम्हाला शिकवू नका," एक आवाज आला. "इतकी वर्षं फुकट खोली दिली मंडळानं."

"कायकू बसवलं हिला तिथं?" दुसरा म्हणाला.

प्रतापरावांनी घंटी वाजवली. "ताई, व्याख्यान पुढच्या महिन्यात ठेवू तुमचं. आता अनुमोदन." मग माइकवर तळहात ठेवून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "वर काय काय आहे त्याचा विचार करा. कुठं नेणार?"

पहिल्या रांगेतली माणसं मान खाली घालून पत्रक वाचत होती, जणू त्यात काही नवीन होतं.

इंदुताईंनी पेन टेकवलं. "काय लिहू?"

भामाने समोरच्या टेबलाची कड धरली. 'पुढच्या बैठकीत बोलू' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं.

"वरची खोली मी रिकामी करते," ती म्हणाली. "आणि ठरावाला माझा विरोध आहे, इंदुताई. तसं लिहा."