खर्चाचा हुकूम
कुंपणाच्या भिंतीचं अपील फेटाळलं गेलं आणि शेजाऱ्याच्या वकिलाचा खर्चही मुख्याध्यापिकाबाईंच्याच गळ्यात पडला. दुसऱ्या दिवशी ती भिंत बांधणारा गवंडी दारात उभा राहिला. “बाई, तो खर्च मी देतो.” “तू कशाला? तू तर माझ्या बाजूने साक्ष दिलीस.” “खोटी दिली. भिंत वीतभर त्यांच्या हद्दीत गेलीय, हे पाया भरतानाच कळलं होतं. तो उकरून पुन्हा भरायचा म्हणजे मजुरी बुडाली असती.” याच्या शब्दावर बाई सहा वर्षं भांडल्या होत्या, शेजाऱ्याला भर गल्लीत खोटारडा म्हणाल्या होत्या. “पैशांचं मी बघेन,” शेवटी त्या पायात चपला सरकवत म्हणाल्या. “तू माझ्याबरोबर शेजारी चल.” शेजाऱ्याने दार उघडलं. “आता आणखी वरच्या कोर्टात जाणार का?” “नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही खोटारडे नव्हतात. माफी मागायला आलेय.”