वाळवणाच्या जागेचा भाव

मथुरा तांडेल तक्रार घेऊन पुन्हा संसदीय समितीपुढे उभी होती. कोळीवाड्याची मासळी सुकवायची सरकारी जागा विक्रीला निघाली होती आणि जमिनींचे भाव काढणाऱ्या मूल्ययंत्राने ती कवडीमोल ठरवली होती, कारण पुढेमागे तिथे समुद्र शिरणार होता. विकत घेणारी कंपनी मात्र बांध घालून हॉटेल उभारणार होती.

"मग बांध धरून भाव काढा ना!" मथुरा म्हणाली.

अध्यक्ष निमकरांनी तसा हुकूम दिला. भाव आणखी उतरला.

"असं कसं?" मथुराने विचारलं.

"बांध धरला," यंत्र म्हणालं, "पण जमीन वादातली आहे. या बाईंच्या तक्रारीगणिक भाव घटतो."

निमकर वैतागले. "बाई, तुम्हीच सांगा, किती भाव हवा?"

"आम्हाला ती विकू द्यायचीच नाही, साहेब."

समितीला फक्त भाव तपासता येत होता, विक्री थांबवता येत नव्हती. मान खाली घालून निमकरांनी पुढचा अर्ज पुकारला.