कोरडा सांधा

बाईंनी भिंतीलगतच्या लोखंडी पाइपाच्या सांध्यावर तळहात ठेवला. कोरडा ठणठणीत!

“फिटरकाका, हा शेवटचा. एक्केचाळीस गळत्या होत्या, एक्केचाळीसही बंद!”

फिटरकाका नुसतेच “हं” म्हणाले.

आठवड्यापूर्वी बाईंनी या जलवाहिनीच्या आतून आपला लेप फिरवला होता. खरचटलं की रक्त थिजतं आणि खपली धरते, तसाच हा लेप. चीर पडली की वाहत्या पाण्याबरोबर तिथे धावायचा आणि घट्ट होऊन बसायचा. त्याच्यापायी बाईंनी प्रयोगशाळेत केस पांढरे केले होते. आज त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मागे डब्यांचा खडखडाट झाला. बाईंनी वळून पाहिलं. भिंतीच्या कडेनं बायकांची रांग लागली होती. कुणाकडे कॅन, कुणाकडे बादली. सगळ्यांत पुढे एक आजी, पालथ्या बादलीवर बसलेल्या.

“आलीस का गं बाई एकदाची?” आजी म्हणाल्या. “पाच दिवस झाले, आमचं पाणी गेलंय. काय बिघडलंय बघ जरा.”

“तुमच्याकडे नळ नाही?”

“नळाचा अर्ज दिला तेव्हा ही माझ्या पोटात होती.” आजींनी शेजारच्या लेकीकडे बोट दाखवलं. लेकीच्या कडेवर तिचं मूल होतं.

रांगेतल्या बायका हसल्या. बाईंना हसू फुटेना. त्यांनी काकांकडे पाहिलं.

काकांनी मान खाली घातली. “या वस्तीत चाळीस घरं आहेत, मॅडम, सगळी याच गळतीवर. दर वेळी दुरुस्तीचा हुकूम यायचा, आणि दर वेळी मी हा सांधा मुद्दाम ढिला ठेवायचो. तुम्हाला सांगणार कोणत्या तोंडानं?”

काकांच्या पिशवीतून बाईंनी छिन्नी-हातोडा काढला आणि जीव खाऊन सांध्यावर घाव घातला. पाण्याची चिळकांडी उडाली. बायकांनी एकच गलका केला. आजींचा कॅन धारेखाली लागला.

कॅन अर्धाही भरला नव्हता. धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी. मग नुसते थेंब. मग तेही थांबले.

“अगं, थांबलं की!” आजी म्हणाल्या. “अजून एक मार ना.”

बाईंनी मारला. दुपारपर्यंत त्यांनी एकोणीस घाव घातले, आणि लेपानं एकोणीसही भरून काढले.