नववा तडाखा

लेकानं ज्याचा दात पाडला होता, त्या पोराचा बाप आणि काका स्टंप घेऊन दारात आले. कुसुमबाईंनी पोळी तव्यावर सोडली आणि लाटणं उचललं. त्यांचा ठोकताळा जुना होता: आपण आधी बडवलं की दुसऱ्याला जागा उरत नाही.

एरवी लाटणं लागायच्या आतच पंधरा वर्षांचं ते धूड गल्लीभर बोंबलायचं आणि तक्रारवाले ओशाळून परतायचे. आज पाठीवर चार बसले तरी हूं नाही की चूं नाही.

"रड की रे मेल्या!" त्या पुटपुटल्या आणि आणखी जोरात हाणलं. काका स्टंप तळहातावर आपटत बघत होता. नववा तडाखा निसटून भुवईवर बसला. रक्त गालावर उतरलं.

बापानंच त्यांचा हात धरला. "वहिनी, पुरे! जीव घ्याल पोराचा." दोघे खाली मान घालून गेले.

भुवईवर हळद दाबताना कुसुमबाईंनाच हुंदका फुटला. "रडला का नाहीस, गाढवा?"

"बाकीचे नुसती तक्रार घेऊन यायचे, हे स्टंप घेऊन आले होते. मी रडलो असतो तर तू थांबली असतीस. मग त्यांनी सुरू केलं असतं, आणि तू मधे पडली असतीस."